न्हाणीतज्ज्ञ

"नुसत्या टाइल्स बदलून काही होत नाही हो. आधी खालचा कोबा बघा!" लग्नाच्या पंगतीत, जिलबीचा तुकडा हातात तसाच धरून, एखादे गृहस्थ शेजारच्या अनोळखी माणसाला हे सांगत असतील तर खुशाल समजावं की यांनी नुकतीच घरातली जुनी न्हाणी फोडून नवी केली आहे. बंगला बांधलेला माणूस एकवेळ गप्प बसेल, कारण त्याला हप्ते फेडायचे असतात. न्हाणी केलेला माणूस गप्प बसत नाही.

पुण्यात कोथरूड-कर्वेनगरकडे सत्तर-ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या, तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्यांमधून हे गृहस्थ हटकून भेटतात. नोकरी बँकेत नाहीतर वीज मंडळात झालेली. म्हणजे साहेबाच्या निर्णयाखाली सही करण्यात हयात गेलेली. घरी तरी काय वेगळं? सोफ्याचं कापड बायकोनं निवडलं, इंजिनिअरिंगची शाखा मुलानं, यांचा मोबाइल मुलीनं. ज्यावर कुणीच हक्क सांगितला नव्हता अशी एकच जागा घरात उरली होती, चार बाय सहाची.

तिचं मूळ रूप ज्यांनी पाहिलंय त्यांना वर्णनाची गरज नाही. खाली शहाबादी फरशी. भिंतीला कमरेइतक्या पांढऱ्या टाइल्स, पांढऱ्या असं आपलं म्हणायचं. पट्ट्यांच्या काचांची खिडकी, तिच्यातली एक पट्टी गेलेली आणि तिथे कॅलेंडरचा पुठ्ठा. वर माळ्यावर तांब्याचा बंब, जो कुणी पेटवत नाही आणि मोडीतही घालू देत नाही. पितळी नळ जरा उचलून, डावीकडे दाबून, मग फिरवायचा. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी हे प्रात्यक्षिक दाखवलं जाई.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणतात, "काका, जरा खाली येता?" खाली जाऊन दोघं छताकडे बघतात. ओल असते. आतल्या न्हाणीची गळती सभासदानं स्वखर्चानं दुरुस्त करायची, असं सोसायटीच्या आदर्श उपविधींत आहेच. दुसरा कुणी असता तर हे कलम वाचून खचला असता. आमच्या गृहस्थांनी ते लाल पेनानं अधोरेखित केलं आणि त्याच संध्याकाळी पाच मीटरचा टेप विकत आणला.

टेप हातात आला आणि माणूस बदलला. चार फूट म्हणजे खरे तीन फूट साडेदहा इंच, प्लास्टर धरून आणखी कमी, हे त्यांनी जेवताना जाहीर केलं. मग आलेखाचे कागद आले. एवढ्याशा जागेत कमोड, बेसिन, गीझर, काचेचं पार्टिशन आणि जमलं तर वॉशिंग मशिन बसवायचं होतं. दार आत उघडलं तर कमोडला अडतं. बाहेर उघडलं तर फ्रिजला. "सरकतं दार करा," असं बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. तीन दिवसांनी ते म्हणाले, "मला एक कल्पना सुचलीय. सरकतं दार!"

टाइल्सच्या दुकानात तर हे गृहस्थ बघण्यासारखे असतात. विक्रेता मुलगा सांगत असतो, "काका, खाली डार्क, वरती लाइट, मध्ये हायलायटर." हायलायटर म्हणजे ज्या टाइलवर उडणारा डॉल्फिन, ऑर्किडचं फूल किंवा एकावर एक रचलेले गोल दगड असतात ती. काकांचं लक्ष तिकडे नसतं. ते खिशातून कागदात गुंडाळलेली साबणाची चिपटी काढतात. नमुन्याची टाइल जमिनीवर ठेवायला लावतात, बाटलीतलं पाणी ओततात, साबण फासतात, चप्पल काढतात आणि त्या मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन टाइलवर एका पायावर उभे राहून टाच घासून बघतात. "अँटिस्किड म्हणता ना? मग ही घसरते कशी?" मुलगा मालकाकडे बघतो. मालकानं असे पुष्कळ पाहिलेले असतात. "माल मोरबीचाच ना?" हा शेवटचा प्रश्न. दुकानातला झाडून सगळाच माल मोरबीहून आलेला असतो, तरी मालक आवाज खाली आणून म्हणतो, "काका, तुम्हाला बरोबर समजलं."

मिस्त्रीशी मात्र गाठ अवघड. त्याच्याकडे एकच वाक्य असतं, "होऊन जाईल." ट्रॅप खोल बसेल ना? होऊन जाईल. कधी संपेल? होऊन जाईल. आलेखाचा कागद त्यानं फार आदरानं घेतला आणि त्यावर तंबाखू मळली. फोडाफोडीच्या दिवशी राडारोड्याच्या गोण्या तीन जिने उतरल्या, टेम्पोत चढल्या आणि गेल्या. कुठे, ते विचारायचं नसतं. असा राडारोडा बहुतेकदा टेकडीच्या पायथ्याशी नाहीतर नदीपात्रात प्रकट होतो आणि त्याविरुद्ध वर्तमानपत्राला खरमरीत पत्र लिहिणारेही हेच गृहस्थ असतात.

मग घरदार टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यांकडे आंघोळीला निघालं. त्यात गुरुवारी पाणी बंद. बायकोनं या काळात जे धोरण ठेवलं त्याला मौन म्हणतात.

पण खरे दिवस कोब्याचे. विटांचे तुकडे, सिमेंट, वर रसायनाचे हात, मग ट्रॅपच्या तोंडात बोळा कोंबून अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवायचं. काका दर चार तासांनी खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या न्हाणीचं छत न्याहाळत. रात्री दोनलाही गेले. शेजारी भला माणूस, त्यानं किल्लीच देऊन टाकली. घरातल्या नव्वदीच्या अण्णांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर डोळ्यांनी पाहिलेला. न्हाणीत चार इंच पाणी तुंबलेलं बघून त्यांनी घराचे कागद माळ्यावर ठेवायला सांगितले.

माझं मत विचाराल तर इथे या माणसाची थट्टा करू नये. टाइल दिसते, म्हणून लोक पैसे टाइलवर घालतात. पाणी टाइलमधून नाही, सांध्यांमधून उतरतं आणि खालचा थर कच्चा असेल तर तिथेच मुरत बसतं. कोबा, उतार, ट्रॅपची खोली या न दिसणाऱ्या गोष्टींसाठी भांडणारा माणूस शंभरात एखादा. फक्त त्यानं ते लग्नाच्या पंगतीत सांगू नये.

काम संपलं. उतार तपासायला काकांनी नातवाची गोटी सोडली, ती मुकाट्यानं जाळीवर जाऊन थांबली. आनंदानं त्यांनी ती पुन्हा पुन्हा सोडली. छताला मोठ्या थाळीएवढा पावसाळी शॉवर होता. मात्र पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दहा मीटरला साधारण एक किलो. हे राहतात तिसऱ्या मजल्यावर आणि टाकी थेट डोक्यावरच्या गच्चीत. त्यामुळे शॉवर सोडला की मुसळधार सोडाच, पागोळ्या गळतात. सगळे पुन्हा बादलीवर आले. आणि नव्या मिक्सरच्या तोटीखाली घरातली बादली जाईना. चार इंच आखूड बादली आणली. आलेखात बादली नव्हती.

त्यानंतर काका सल्लागार झाले. फी नाही, फक्त ऐकून घ्यायचं. कुणाकडे सत्यनारायणाला गेले की हात धुण्याच्या निमित्तानं न्हाणीत शिरतात आणि रुपयाच्या नाण्यानं टाइल्स वाजवतात. बाहेर आरती चाललेली, आतून टक टक टक, ठप्प. टाळ्या थांबतात. काका बाहेर येऊन प्रसाद घेता घेता यजमानाच्या कानाशी लागतात, "बेसिनखालची तिसरी. पोकळ आहे." यजमानाचा शिरा घशात अडकतो. एका घरी तर ते दहाव्याला भेटायला गेले होते, तिथेही हात धुवून आलेच. पण तिथे त्यांनी निष्कर्ष तेराव्यापर्यंत राखून ठेवला, हे नमूद केलं पाहिजे.

पावसाळ्यात खालच्या छताला पुन्हा ओल आली. प्लंबरनं शोधून काढलं की पाणी काकांच्या न्हाणीतून कधी गळतच नव्हतं. डक्टमधला सामाईक बिडाचा पाइप सांध्याला फुटला होता. तो सोसायटीचा, खर्चही सोसायटीचा. "म्हणजे आपली न्हाणी फोडायचं काही कारणच नव्हतं," असं म्हणून बायकोनं मौन सोडलं. काका विचारात पडले, पण त्या वाक्यानं नव्हे.

वार्षिक सभेत त्यांनी ठराव मांडला. डक्टमधले सगळे पाइप बदलायचे, आणि ओघानंच प्रत्येक सभासदाच्या न्हाणीची मागची भिंत फोडायची. अनुमोदन खालच्या शेजाऱ्यांचं. सभागृहात कुणी हूं की चूं करेना. काकांनी खिशातून टेप काढला, थोडा ओढून पाहिला आणि अध्यक्षांना विचारलं, "तुमच्याकडे आत्ता घरी कोणी आहे का?"