वावर कोणाचं, बाप्पा?

अबरफेल्डी, पर्थशायर, स्कॉटलंड
तान्हा पोळा

तीर्थस्वरूप आजींना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

या पत्रात ‘मी’ कुठंच नाही. त्याचं कारण वाघापूरच्या ओसरीवर सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या पत्रात सुनेनं ‘मला सर्दी झाली’ असं लिहिलं, पुतण्यानं ते मोठ्यानं वाचलं, आणि आजींनी पुढचं ऐकण्याआधी त्यालाच अद्रकाचा काढा पाजला. तेव्हापासून ठरलं की पत्रात आबाजी असतील, लेक असेल, सून असेल, नातू असेल, पण ‘मी’ कोणीही नसेल. वाचणाऱ्यानं कंसातल्या सूचना तेवढ्या पाळाव्यात.

तर सगळे खुशाल आहेत. अबरफेल्डी हे टे नदीच्या काठचं, दोनेक हजार वस्तीचं गाव. इतक्या वस्तीला आपल्याकडं बसही मनात आलं तरच थांबते. नदीवर 1733 सालचा दगडी पूल आहे. डोंगराळ मुलखातल्या बंडखोरांना धाकात ठेवायला सैन्याला रस्ते हवे होते, म्हणून जनरल वेडनं तो बांधून घेतला. बंडखोर गेले, सैन्य गेलं, पूल राहिला. आजही त्यावरून गाड्या एकेक करून जातात. आबाजी पहिल्याच दिवशी काठावर उतरून कमानी खालून पाहून आले. ‘‘तीनशे वर्सं व्हत आली याले,’’ ते म्हणाले, ‘‘अन् आपल्या वावराकडचा रपटा दर पावसाळ्यात जाते.’’ मग दोन दिवस ते कोणाशी फारसं बोलले नाहीत.

आबाजी आले जूनमध्ये. त्यांचा नेम आजींना माहीत आहे: दिवेलागण झाली की हात-पाय धुवायचे आणि मग जेवायचं. इथं जूनमध्ये रात्रीचे दहा वाजले तरी आकाश उजळच असतं. पहिल्या रात्री आबाजी खिडकीशी बसून अंधाराची वाट पाहत राहिले. नातू झोपला, सून झोपली, लेकानं दोनदा पान वाढून झाकलं. शेवटी अकराच्या सुमारास ‘‘सूर्य कोन्या कामाले अडकला?’’ असं विचारून ते जेवले. आता त्यांनी तडजोड केली आहे. जेवण घड्याळानं, नमस्कार सूर्यानं. डिसेंबरात हाच सूर्य दुपारी साडेतीनच्या सुमाराला बुडतो, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. (वाचणाऱ्यानं इथं थांबावं. आजी म्हणतील, ‘मंग चहाच्या वक्ती जेवतीन का?’)

आता मुख्य गोष्ट. ती आजींना खरी वाटणार नाही, म्हणून सावकाश वाचावी.

इथं कोणाच्याही वावरातून कोणीही चालत जाऊ शकतं. चोरून नव्हे, कायद्यानं. स्कॉटलंडच्या संसदेनं 2003 मध्ये जमीन सुधारणेचा कायदा केला आणि 2005 च्या फेब्रुवारीपासून हा हक्क चालू झाला. डोंगर, जंगल, कुरण, तलावाचा काठ, मोठ्या जमीनदाराची इस्टेट, कुठंही पायी, सायकलीवर किंवा घोड्यावर जा. मोटारगाडीला मात्र हा हक्क नाही. अटी साध्या आहेत. लोकांच्या घराला लागून असलेल्या बागेत शिरू नका, उभं पीक तुडवू नका, बांधाच्या कडेनं जा, कुत्रा आवरा, आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवा: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

दीड हात धुऱ्यासाठी शेजाऱ्याशी बावीस वर्षं कोर्टात उभा राहिलेला माणूस हे ऐकून कसा दिसतो, ते पाहायला आजी इथं हव्या होत्या. आबाजींनी लेकाला तीन वेळा वाचायला लावलं. नंतर विचारलं, ‘‘अन् मालक?’’

‘‘मालक मालकच राहतो. जमीन त्याचीच.’’

‘‘मंग मालक कायचा?’’

आपल्याकडं पांदण रस्त्यावर कोणी काटेरी झुडपं टाकली की तहसीलपर्यंत अर्ज जातात, मोजणीवाला येतो, दोन्ही घरचे पाहुणे येतात आणि पांदण होती तिथंच राहते. इथं पांदणच लागत नाही, सगळी जमीनच पांदण. आबाजींच्या पायाला मात्र हे पटेना. पहिल्या रविवारी सगळे फिरायला निघाले तर ते कुरणाच्या फाटकाशी उभे राहिले आणि हात तोंडाशी नेऊन हाक मारली, ‘‘हाय का कोनी?’’ पाच-पन्नास मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या. आबाजींनी परत हाक मारली. मेंढ्यांनी उत्तर दिलं. ‘‘नाही म्हणून रायल्या,’’ असं म्हणून ते मागं फिरले.

दुसऱ्या रविवारी नातवानं हात धरून त्यांना आत नेलं. अर्ध्या कुरणात पोचतात तोच चार चाकांच्या फटफटीवरून एक शेतकरी आला. आबाजींनी सवयीनं कोर्टात सांगायचं ते सगळं मनात जुळवलं. शेतकऱ्यानं इंजिन बंद केलं, आभाळाकडं पाहिलं आणि ‘ड्रीख’ असा एक शब्द उच्चारला. ओलसर, करडा, कंटाळवाणा, हाडात शिरणारा दिवस, एवढं सगळं या एका शब्दात मावतं. आबाजींनीही वर पाहिलं आणि ‘‘हाव’’ म्हणाले. शेतकरी म्हणाला, ‘‘आय.’’ इथले लोक होकार भरायला ‘आय’ म्हणतात, आपण ‘हाव’ म्हणतो. मग दहा मिनिटं एकजण ‘आय’ आणि दुसरा ‘हाव’ करत मेंढ्या, गवत आणि पाऊस या विषयांवर बोलत राहिले. घरी आल्यावर आबाजींनी निकाल दिला: ‘‘मानूस चांगला हाय. वऱ्हाडी समजते त्याले.’’ इथं लहानशा गोष्टीला ‘वी’ म्हणतात, तेही त्यांनी ‘उलुसा’च्या खात्यात जमा करून घेतलं आहे.

रात्री विचार करून आबाजी म्हणाले, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा कायदा एकट्या वाघाला लागू आहे. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. टिपेश्वरच्या जंगलात जन्मलेला तो वाघ आजींना आठवत असेल. 2019 मध्ये त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून त्याचा माग लागला. टिपेश्वरातून निघाला, तेलंगणात जाऊन आला, मग मराठवाड्याच्या बाजूनं वावरं, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत 3000 किलोमीटरहून जास्त. लोकांनी त्याचं नावच ‘वॉकर’ ठेवलं. एवढ्या वाटेत त्यानं किती धुरे ओलांडले असतील, आणि त्याच्यावर एकही दावा नाही. ‘‘त्याले कोन इचारते?’’ आबाजी म्हणाले. इथं उलटं आहे. इथले लांडगे माणसानं कधीच संपवले, अस्वल त्याच्याही आधी गेलं. आता रानात भीती वाटावी असं एकच जनावर उरलंय आणि ते डोळ्यांना नीट दिसतही नाही. ती चिलटं आहेत. वारा पडला, हवा दमट झाली की संध्याकाळी ढगासारखी येतात. आबाजींनी उपरणं डोक्याला गुंडाळलं तर कानात शिरली. वाघाच्या जिल्ह्यातला माणूस चिलटांपुढं पळाला, हे कृपा करून दत्त चौकात कोणाला सांगू नये.

(आता हिंगणघाटचा विषय आहे. आजींना सांगावं, माहेरचं नाव येतंय.)

घराच्या पश्चिमेला शिहॅलियन नावाचा डोंगर आहे, 1,083 मीटर उंच. स्कॉटलंडमध्ये 3000 फुटांवरचे असे 282 डोंगर आहेत आणि लोक जन्मभर यादी हातात घेऊन ते सगळे चढतात, आपल्याकडं लोक ज्योतिर्लिंगं करतात तसे. पण शिहॅलियनचं महत्त्व वेगळं. 1774 च्या उन्हाळ्यात नेव्हिल मॅस्केलाइन नावाचा राजज्योतिषी, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ, या डोंगरावर मुक्काम ठोकून पृथ्वीचं वजन करत होता. गवंड्याचा असतो तसा ओळंबा डोंगराशेजारी धरला तर डोंगर त्याला किंचित आपल्याकडं ओढतो. ती ओढ किती हे मोजायचं, डोंगर केवढा हे मोजायचं, आणि त्यावरून पृथ्वी किती जड ते काढायचं. डोंगराचा हिशेब चार्ल्स हटनकडं होता. मोजमापांचे आकडे इतके झाले, की त्यानं नकाशावर सारख्या उंचीचे बिंदू रेघेनं जोडले. शाळेच्या भूगोलातल्या समोच्च रेषांचं श्रेय म्हणूनच हटनला देतात.

आबाजींना यातलं ओळंब्याचं लगेच समजलं. हिंगणघाट कुठून आलं? तर पृथ्वी मोजायचा हाच नाद पुढं हिंदुस्थानात पोचला. विल्यम लॅम्बटननं 1802 मध्ये मद्रासपासून देश मोजायला घेतला, मोजत मोजत तो वर सरकला आणि 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. आजी लहानपणी कदाचित तिच्या आसपास चिंचा वेचत असतील. आबाजींचा आक्षेप एवढाच, की साहेबानं अख्खा देश मोजला आणि आपला दीड हात तेवढा राहून गेला.

शिहॅलियनवर ते निम्म्यापर्यंत चढले. सून आणि नातू माथ्यापर्यंत. वर धुकं होतं आणि काही दिसलं नाही.

खाण्याची काळजी आजींनी करू नये. सकाळी ओटची लापशी असते, जुने लोक ती मीठ टाकून खातात. आबाजींनी पहिला चमचा घेतला आणि म्हणाले, ‘‘ह्या त कण्या हायत.’’ तेव्हापासून रोज ताटलीभर खातात, वर लसणाची चटणी. हॅगिस नावाचा पदार्थही आणला होता. मेंढीचं काळीज, फुप्फुस, ओट आणि कांदा असं पोटाच्या पिशवीत भरून शिजवतात. लेक समजावून सांगत होता, तर आबाजी म्हणाले, ‘‘वजडी हाय म्हन ना सरळ.’’ गावाच्या टोकाला 1898 पासून चालू असलेली दारूची भट्टी आहे. तिथं लोक तिकीट काढून भट्टी पाहायला जातात. मोहाच्या भट्टीवर आपल्याकडं कोण जातं आणि तिकीट कोणाला द्यावं लागतं, ते आठवून आबाजी हसत सुटले.

पण गिरणीत मात्र हसले नाहीत. पर्थच्या उत्तरेला स्टॅन्ले नावाचं गाव आहे, तिथं टे नदीच्या पाण्यावर चालणारी कापसाची गिरणी 1786 च्या सुमाराला उभी राहिली आणि 1989 मध्ये बंद पडली. आता ती पाहता येते. जिथं कापसाचं एक बोंडही पिकत नाही त्या मुलखात दोनशे वर्षं कापूस कातला, हे आबाजींना उमगायला वेळ लागला. एकाधिकार खरेदीच्या काळात त्यांनी केंद्रावर बंडीखाली दोन-दोन रात्री काढल्या आहेत. माहिती देणाऱ्या बाईंनी पाणचक्क्या, बोगदा, कामाला जुंपलेली लहान मुलं, सगळं छान समजावलं. शेवटी कोणाला काही विचारायचंय का, असं म्हणाल्या. आबाजींनी हात वर केला. नातवानं भाषांतर केलं: ‘‘भाव काय देत होते?’’ बाईंना नक्की सांगता येईना. आबाजींनी मान हलवली. ‘‘आपल्याकडंही येळेवर कोनी सांगत नाही.’’

एका शनिवारी रॅनखला गेलो होतो. (चुकलं. ‘मंडळी गेली होती’ असं वाचावं.) रस्ता लॉखच्या, म्हणजे तलावाच्या, काठानं जातो तो थेट रेल्वे स्टेशनापर्यंत, आणि तिथंच संपतो. पुढं फक्त दलदल. 1894 मध्ये सुरू झालेली आगगाडी काढताना या दलदलीवर रूळ टिकेनात, म्हणून झाडांची मुळं, फांद्या, माती आणि राख यांची गादी घालून त्यावर रूळ तरंगते ठेवले. गाडी आजही त्यावरून जाते. आबाजी फलाटावर बराच वेळ उभे होते. त्यांना शकुंतला आठवली. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, विलायती कंपनीनं कापसासाठी घातलेली ती उलुशी लाइन, 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालणारी. चिखलावरचे रूळ राहिले आणि आपल्या काळ्या मातीवरचे झुडपांत गेले. अरुंद रस्त्यावर परतताना समोरची गाडी बाजूला थांबून वाट देते आणि ड्रायव्हर एक बोट उचलतो. आबाजी प्रत्येकाला दोन्ही हात जोडतात. एकदा समोरचा माणूस एवढा गोंधळला की त्यानंही स्टीअरिंग सोडून हात जोडले.

आता पोळ्याचं. बैल काही मिळाला नाही. डोळ्यांवर झिपऱ्या आलेली, तांबड्या लांब केसांची हायलँड गाय मात्र तारेपलीकडं होती. आबाजींनी परवा तिलाच तारेवरून आवतण दिलं. ती आली नाही, हे बरंच झालं. आज तान्हा पोळा, म्हणून सामानातून आणलेला लाकडी नंदी दोरीनं ओढत नातू गल्लीत निघाला. पहिल्या घरच्या म्हातारबाईंना वाटलं, हॅलोवीनला अजून दोन महिने आहेत, पोरगं लवकर निघालं. इथं त्या दिवशी पोरं वेश करून दारोदार जातात, पण नुसतं मागून काही मिळत नाही. गाणं, विनोद, काहीतरी करून दाखवावं लागतं. म्हणून बाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. नातू गडबडला. मग मागून आबाजींनी खणखणीत आवाजात दोन झडत्या म्हटल्या. तीन दारं उघडली. बोजारा असा जमला: पाच पौंड, बिस्किटांचा एक डबा, आणि कुंपणावरच्या काळ्या बोरांसारख्या फळांचा मुरंबा एक बाटली. आबाजी म्हणतात, मुरंब्यापेक्षा टेंभरं बरी.

कळावे. पुतण्याला आशीर्वाद. यावेळी काढा देऊ नये.

आपली,
अबरफेल्डीची मंडळी

ता. क. आबाजींनी सांगितलं आहे, की ते इथं असल्याची संधी साधून शेजाऱ्यानं धुऱ्यावरचा गोटा सरकवला असेल. पुतण्यानं उद्या सकाळीच वावरात जाऊन फोटो पाठवावा. गोट्यावरची चुन्याची खूण आणि मागचं बाभळीचं झाड, दोन्ही दिसलं पाहिजे.