तात्यांचं मध्ययुग

कल्याण पश्चिमेला, पारनाक्यापासून हाकेच्या अंतरावर आमची सोसायटी आहे आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर युरोपचं मध्ययुग राहतं. आम्ही त्याला तात्या म्हणतो. बँकेतून निवृत्त, किडकिडीत अंगकाठी, शर्टाच्या खिशात एक चपटं पाकीट, आणि काखेत सार्वजनिक वाचनालयाचं पुस्तक. वाचनालय १८६४ सालचं. त्यातलं इतिहासाचं एक कपाट तात्यांनी निवृत्तीनंतर जवळजवळ भाड्यानं घेतलंय.

तात्यांपुढे कसलंही गाऱ्हाणं टिकत नाही. पाणी आलं नाही, लिफ्ट बंद पडली, भाच्याच्या सासरच्यांनी वास्तुशास्त्रापायी संडास फोडून देवघर केलं, काहीही सांगा. तात्या म्हणणार, "हे काहीच नाही हो!" आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसावा तसा लुंगीच्या टोकाला पुसणार. चष्मा पुसायला घेतला की ओळखावं, आता किमान पाचशे वर्षं मागे जायचंय आणि गॅसवर दूध असेल तर ते उतू जाणार आहे.

गेल्या पावसाळ्यात सोसायटीची मीटिंग झाली ती उंदरांवरून. पार्किंगमधल्या तीन स्कूटरच्या वायरी कुरतडल्या होत्या. कुणी म्हणालं गोळ्या टाका, कुणी म्हणालं पिंजरे आणा. तात्या उठले. "आधी रीतसर नोटीस द्या."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं.

"फ्रान्समध्ये ओतां गाव. सोळाव्या शतकाची सुरुवात. उंदरांनी बार्लीचं पीक खाल्लं म्हणून त्यांच्यावर फिर्याद झाली. त्यांना वकील दिला, बार्थेलेमी शासने. पुढे मोठा नावाजलेला कायदेपंडित झाला तो. उंदीर हजर झाले नाहीत. शासने म्हणाला, माझे अशील गावोगाव विखुरलेत, एका नोटिशीनं कसं कळणार? मग गावोगावच्या चर्चमधून नोटीस वाचून दाखवली. तरी आले नाहीत. तेव्हा म्हणाला, येतील कसे? वाटेत मांजरं बसलीत. ज्याच्या जिवाला वाटेत धोका आहे, त्याच्यावर हजर राहायची सक्ती करता येत नाही!"

"मग निकाल काय लागला?" तळमजल्यावरच्या वहिनींनी विचारलं. स्कूटर त्यांची होती.

"निकाल महत्त्वाचा नाही. युक्तिवाद बघा!"

त्या दिवशीच्या इतिवृत्तात 'उंदरांबाबत सविस्तर चर्चा झाली' एवढी एकच ओळ आहे. गोळ्या पुढच्या महिन्यात टाकल्या. आता सोळावं शतक म्हणजे मध्ययुग नव्हे, हे मलासुद्धा ठाऊक आहे. पण तात्यांचं मध्ययुग लग्नाच्या मांडवासारखं असतं. पाहुणे वाढले की आणखी एक कनात जोडायची.

प्राण्यांचे खटले हा त्यांचा खास प्रांत. १४७४ साली बाझलमध्ये अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्याला जाळलं, हे ते अंडाभुर्जीच्या गाडीसमोर उभं राहून सांगतात. गाडीवाला ऐकतो, पण भाव कमी करत नाही. १३८६ साली फालेझला एका डुकरिणीला मूल मारल्याबद्दल फाशी दिलं आणि म्हणतात की फाशीच्या वेळी तिच्या अंगात माणसाचे कपडे घातले होते. ही गोष्ट काकूंनी लग्नानंतर इतक्यांदा ऐकली आहे की त्या आता फक्त एकच प्रश्न विचारतात, "मापं कुणी घेतली?" तात्यांकडे याचं उत्तर नाही आणि ते त्यांना मनापासून सलतं.

आमच्याकडे गटारी जोरात असते. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. मग कोपऱ्यावर कुणीतरी हळूच विचारतो, 'अंडं चालतं ना?' तात्यांना एवढं निमित्त पुरतं.

"हे काहीच नाही हो! त्यांच्या लेंटच्या उपासात मांस बंद, मासे चालायचे. मग लोकांनी काय केलं? एका जातीचा हंस होता, थंडीत यायचा. त्याची घरटी कुणी पाहिलेली नव्हती. म्हणाले, हा अंड्यातून येतच नाही, समुद्रात वाहत आलेल्या ओंडक्याला लागतो! म्हणजे मांस नव्हेच. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स नावाच्या धर्मोपदेशकानं लिहून ठेवलंय, मी स्वतःच्या डोळ्यांनी ओंडक्याला लटकलेले पाहिले म्हणून. खुद्द बिशपसुद्धा उपासाला खायचे. शेवटी पोपला बंदी घालावी लागली."

"आणि आज तुम्ही काय खाल्लंत?" काकू आतून.

"साबुदाण्याची खिचडी. आज चतुर्थी आहे."

"साबुदाणा, बटाटा, दाणे, मिरची. यातलं एक तरी आपल्या ऋषींनी खाल्लं होतं का? सगळं अमेरिकेतून आलं, तुम्हीच सांगितलंत ना?"

तात्यांनी चष्मा पुसला, पण त्या दिवशी पाचशे वर्षं मागे कुणी गेलं नाही.

कारण खरी गंमत इथेच आहे. युरोपची झाडाझडती घेणारे तात्या बाहेर पडताना कुणी शिंकलं तर परत येऊन पाणी पितात. "घसा कोरडा पडला होता." मांजर आडवं गेलं तर चपलेचा अंगठा नीट करत थांबतात, मागचा माणूस पुढे जाईपर्यंत. अंगारकीला पहाटेची लोकल पकडून टिटवाळ्याला जातात, ते 'गर्दीचा अभ्यास' करायला. मुलानं एकदा युरोपच्या टूरचे पैसे भरले होते. आम्ही सगळ्यांनी आनंदानं पेढे खाल्ले. मग निघायची तारीख आली आणि कॅलेंडर पाहून तात्यांनी कंपनीला फोन केला, "दोन दिवस पुढे नाही का घेता येणार?" विमान अमावास्येचं होतं. टूर राहिली. कारण विचारलं की म्हणतात, "मी कशाला जाऊ? युरोपच इथे येऊन गेलाय."

यावर मात्र त्यांचं ऐकावंच लागतं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी होता, पुढे साधू झाला. त्यानं आपल्या ग्रंथात 'कलिआना' नावाच्या बंदराचं नाव घेतलंय, तिथे इराणहून नेमलेला बिशप आहे असंही म्हटलंय. ते म्हणजे आपलंच कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. याच कॉस्मसचं ठाम मत होतं की पृथ्वी गोल नाही, सपाट आहे आणि सगळं विश्व म्हणजे झाकण लावलेली एक पेटी आहे. संध्याकाळी सहा-पन्नासच्या कल्याण फास्टमध्ये हा सिद्धांत मला पुष्कळदा पटलेला आहे.

परवा अशाच एका पेटीतून आम्ही ठाण्याहून परत येत होतो. तात्यांच्या चुलतभावाच्या नातवाचं बारसं होतं. गाडी नेहमीप्रमाणे पत्रीपुलाजवळ थांबली. दहा मिनिटं झाली, पंखे बंद. कुणीतरी रेल्वेच्या नावानं बोटं मोडली.

"हे काहीच नाही हो," तात्या म्हणाले. "१३२१ साली आपल्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. पुढे ओडोरिक नावाचा इटलीचा साधू आला. ठाण्याबद्दल त्यानं लिहिलंय, इथे कुत्र्याएवढे उंदीर आहेत, मांजरांचं काही चालत नाही, कुत्र्यांकडून धरवतात. तुमच्या वहिनींना सांगा! तर त्यानं त्या साधूंची हाडं गोळा केली आणि जहाजात बसला. वाटेत वारा पडला. जहाज जागचं हलेना. सगळ्यांनी आपापल्या देवांना हाका मारल्या. काही नाही. शेवटी ओडोरिकनं गुपचूप एक हाड नोकराच्या हातात दिलं, समुद्रात टाक म्हणाला. टाकलं, आणि सुटला की हो वारा! उरलेली हाडं थेट चीनला नेली. काय लोक! हाडाच्या एका तुकड्यावर एवढा भरवसा!"

शेजारचे दोघे-तिघे हसले. तात्याही हसले. मग पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. काकूंचा दोनदा फोन येऊन गेला. बोलणं संपलं. तात्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, खिशातलं चपटं पाकीट काढलं आणि आतल्या कप्प्यात दोन बोटं घातली. मी बघायला नको होतं, पण गर्दीच अशी की माझं तोंड त्यांच्या खांद्यावरच होतं. आत टिटवाळ्याची वाळून पिवळी पडलेली दूर्वा होती. बोटं तिच्यावर टेकली. ओठ किंचित हलले.

गाडीला हिसका बसला.

"सिग्नल मिळाला," तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.