पावशेर पक्ष्याची मोहीम

(स्थळ : अमेरिकेतील मेन राज्य. ऑक्टोबरातील ओलसर सकाळ. मनगटाएवढ्या जाडीच्या, एकमेकांत पाय अडकवून उभ्या असलेल्या ऑल्डरच्या झुडपांचे रान. पात्रे : लेकीकडे मुक्कामास आलेले निवृत्त मामलेदार, आणि पाखरांच्या शिकारीचे व जुन्या बंदुकांचे व्यसन जडलेले त्यांचे जावई. तिसरे एक शेजारी आहेत. परंतु मराठी येत नसल्यामुळे ते पुढे निघून गेले, आणि पुढील संभाषण पाहता त्यांनी शहाणपणाच केला असे म्हणावे लागते. चौथी एक इंग्लिश सेटर जातीची कुत्री.)

मामलेदार : जावईबापू, भगवे जाकीट नि भगवी टोपी चढवून हिंसेला बाहेर पडण्याची वहिवाट ज्या मुलखात आहे, तिथल्या धर्मशास्त्राविषयी मी ब्र काढत नाही, पण या वेषाचे प्रयोजन काय?

जावई : भगवा नव्हे मामा, नारिंगी. दाट झाडीत बरोबरच्यांना माणूस कुठे आहे ते दिसावे, म्हणून.

मामलेदार : पक्षी केवढा असतो?

जावई : पावशेराच्या आतच.

मामलेदार : आणि मी दोन मणांचा. शेजाऱ्यांच्या नजरेविषयी सरकारला एवढी शंका असेल, तर बंदुकीचा परवाना देण्यापूर्वी चष्म्याची चौकशी का होत नाही?

जावई : आपण वुडकॉक पाहिलेला नाही म्हणून ही थट्टा. आपल्याकडच्या भातखाचरांतल्या पाणलाव्याचा हा भाऊबंद. मात्र याचे डोळे कपाळामागे इतके सरकलेले, की मान न वळवता त्याला पाठीमागचेही दिसते. कान डोळ्यांच्या पुढे, आणि लांब चोचीचे टोक एवढे लवचिक की ती चिखलात रुतलेली असतानाच नुसते टोक उघडून तो गांडूळ धरतो.

मामलेदार : म्हणजे तोंड न उघडता खाणारा आणि पाठीमागचे सगळे पाहणारा. असे दोन कारकून माझ्या कचेरीत होते, त्यांची शिकार कुणालाही साधली नाही.

जावई : (गुडघे टेकून) हे पाहा! पाचोळ्यावर हा चुन्यासारखा शिंतोडा, आठाण्याएवढा. अजून ओला आहे. आणि चिखलात टोचलेली ही भोके. रात्रीच्या प्रवासातला पक्षी पहाटे इथे उतरला असला पाहिजे.

मामलेदार : घटनास्थळावर विष्ठा सापडल्याचा पंचनामा मी आयुष्यात केला नव्हता, तोही योग या वयात आला. पण ही कुत्री कुठे गेली?

जावई : गळ्यातली घंटा ऐकू येते आहे ना? घंटा वाजते तोवर ती शोध घेते आहे. वास लागला की ती जागच्या जागी पुतळ्यासारखी थिजते आणि घंटा बंद पडते. त्या क्षणी आपण तिच्याजवळ पोचायचे.

मामलेदार : ती कुठे आहे हे घंटेवरून कळते?

जावई : अर्थात.

मामलेदार : आणि घंटा बंद पडल्यावर?

जावई : (थोडे थांबून) मग... अंदाजाने.

मामलेदार : म्हणजे ज्या घटकेला तिच्या ठावठिकाण्याची निकड नाही त्या घटकेपर्यंत ती हजेरी लावते, आणि निकड उद्भवताच बेपत्ता होते. माझ्या तलाठ्यांची पद्धत याहून निराळी नव्हती.

जावई : थांबल्यावर आवाज करणारी यंत्रे आता गळ्यात बांधतात, उपग्रहावरून जागा दाखवणारीही, पण जिच्या सात पिढ्यांची वंशावळ माझ्या दप्तरी आहे, तिच्या गळ्यात मी यंत्र बांधू?

मामलेदार : आमच्या कुलवृत्तांतात पणजोबांच्या पलीकडे नुसत्या रेघा आहेत. तरीच ती मला उठून जागा देत नाही. बरे, ही बंदूक तरी नवी घ्यायची होती.

जावई : नवी! मामा, ही कनेक्टिकटातल्या मेरिडन गावची पार्कर आहे. १९३४ साली तो कारखाना रेमिंग्टनकडे गेला, त्याच्याही कितीतरी आधीची. नळ्या दमास्कसच्या : लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, गजाभोवती गुंडाळून एकजीव केलेल्या. काळ्या दारूच्या जमान्यातली ही चीज. म्हणून आजची जोरकस काडतुसे हिला वर्ज्य, हलक्या दाबाची निराळी मागवावी लागतात. पाऊस आला तर मी हिला बाहेर काढत नाही.

मामलेदार : आणि पक्षी ओलीशिवाय येत नाही.

जावई : तोच तर पेच आहे.

मामलेदार : एकंदर इतकी सरबराई करून दिवसाकाठी किती पक्ष्यांची मुभा?

जावई : माणशी तीन. रविवारी या राज्यात शिकार मुळीच नाही.

मामलेदार : तीन जणांत घोडदळ, तोफखाना आणि हेरखाते बाळगून, एका थाळीला पुरणार नाही एवढ्या मुलखावर ही स्वारी! पेशव्यांनी असा हिशेब केला असता तर अटक राहिले, जेजुरीसुद्धा गाठली नसती.

जावई : मांसासाठी कोण येते इथे! ती कुत्री थिजून उभी राहते ना, शेपूट सरळ, एक पाय उचललेला, नाकपुड्या तेवढ्या हलताहेत, ते पाहायला मी वर्षभर थांबतो. बार काढणे ही नंतरची उपचारपूर्ती. आता या नळीवरची वेलबुट्टी पाहा, उजेडाकडे तोंड करून, अशी उघडून धरली म्हणजे—

मामलेदार : जावईबापू, घंटा.

जावई : —ही नागमोडी रेघ पोलादाची, आणि ही—

मामलेदार : घंटा थांबली म्हणतो मी!

(पंखांची शीळ वाजवीत एक तांबूस गोळा त्यांच्या गुडघ्यांपासून सरळ शेंड्यापर्यंत चढतो, डावीकडे वळतो, विचार बदलून उजवीकडे वळतो आणि नाहीसा होतो. जावयांच्या हातात बंदूक मधोमध उघडी. दोन्ही काडतुसे पाचोळ्यात. दोन हातांवर, फर्नच्या आड, कुत्री एक पाय उचलून अजून उभीच आहे. ती मान वळवून प्रथम जावयांकडे आणि मग, काहीशा आशेने, मामलेदारांकडे पाहते.)

मामलेदार : नोंद काय करू? ‘पक्षी गैरहजर’ म्हणणे खोटे होईल. ‘पक्षी समक्ष हजर, परंतु अधिकारी अवजारांच्या तपासणीत गुंतल्यामुळे कामकाज तहकूब’, चालेल?

जावई : मामा, घरी गेल्यावर आपल्या लेकीला एवढे तपशीलवार सांगण्याची आवश्यकता नाही.

मामलेदार : तिला सांगायचे काय? तिने सकाळीच वांगी चिरून मसाला भरून ठेवला आहे. मी विचारले, ‘अगं, शिकार येणार ना?’ तर म्हणाली, ‘नाना, ते पार्कर घेऊन गेले आहेत.’