धुराला बंदी, चिमटीला माफी

महाराष्ट्रात 2020 च्या सप्टेंबरपासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे. हे वाक्य लालबागच्या कुठल्याही टपरीवर मोठ्याने म्हणून बघा. टपरीवाला वाद घालणार नाही. तो दोरीला टांगलेला लायटर तुमच्या पुढे करेल.

बंदीमागचा हिशेब चोख होता. पाकिटावर कॅन्सरचं चित्र असतं, व्यसन सोडवणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर असतो. सुटी घेणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत, म्हणून सुटी नको. मात्र हा हिशेब अख्खं पाकीट परवडणाऱ्या कुणीतरी मांडला असावा.

दुसरा नियम शंभर यार्डांचा. शाळा-कॉलेजच्या कुंपणापासून चहूकडे शंभर यार्ड, म्हणजे साधारण 91 मीटर, तंबाखू विकायची नाही. गिरगावचा नकाशा घ्या आणि एकेका शाळेभोवती कंपास फिरवा. वर्तुळं एकमेकांच्या अंगावर चढतात. बाहेर पडावं म्हणून चौपाटीकडे पळालात, तर समोर विल्सन कॉलेज! नियम अक्षरशः पाळला तर गिरगावात पानाच्या गादीला जागा शोधावी लागेल. प्रत्यक्षात शोधावी लागते ती कायद्याची पाटी.

सार्वजनिक जागी धूर सोडला तर दंड जास्तीत जास्त 200 रुपये, हे 2003 च्या कायद्यात लिहिलंय. तेव्हापासून वडापावचा भाव कितीदा वाढला ते दादर स्टेशनबाहेर कुणालाही विचारा. दंड तेवढा महागाईला बधला नाही.

मग 2017 च्या डिसेंबरात लोअर परळच्या कमला मिल्समध्ये आग लागली, 14 जीव गेले आणि हुक्क्याच्या निखाऱ्यांवर ठपका आला. 2018 मध्ये राज्याने हुक्का पार्लर बंद केली. 2019 मध्ये केंद्राने ई-सिगारेट बंद केली. सगळं योग्यच झालं. पण हे सगळं धुराबद्दल झालं.

आता आकडे बघा. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूर ओढणारे निघाले आणि 24.4 टक्के तंबाखू खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे. दुखणं गालात आहे आणि आपण नाकासमोर पंखा फिरवतोय.

‘पण गुटखा बंद केलाय की!’ केलाय, दोनदा. 2002 ची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये रद्द ठरवली. मग 2012 मध्ये अन्नसुरक्षेच्या कायद्याचा आधार घेतला. अन्नपदार्थात तंबाखू मिसळायची नाही, गुटखा हा अन्नपदार्थ, सबब गुटखा बंद. आदेश एका वर्षापुरता असतो, म्हणून दरवर्षी नवा निघतो. तेव्हापासून टपरीच्या पुढ्यात लटकणाऱ्या माळा फळीखाली गेल्या आणि भाव वर गेला.

या युक्तिवादाची खरी गंमत पुढे आहे. सुपारी, कात, सुगंध घालून कारखान्याने तंबाखू विकली तर गुन्हा. नुसती पुडी आणि चुन्याची डबी घेऊन तुम्ही ती तळहातावर मळलीत तर कायद्याला हरकत नाही, कारण ते अन्न नव्हे. बंदी मिश्रणाला आहे, मुद्देमाल मोकळा.

गिरणगावाला हे नवं नाही. कापसाच्या खात्यात काडी ओढणं म्हणजे आगीला आवतण, त्यामुळे विडी आत चालायची नाही. पाळीभर तोंडात तंबाखूचा बार धरणं बिनबोभाट चालायचं. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तिथे टॉवर आले. बार मात्र चाळीतच राहिला, पुढच्या पिढीच्या गालात.

आणि फक्त पुरुषांच्या नव्हे. नव्वदच्या दशकात संशोधकांनी मुंबई शहराच्या मतदारयाद्या घेऊन, हातात मावणारे संगणक घेऊन पस्तिशीपुढच्या जवळजवळ एक लाख लोकांना घरी जाऊन विचारलं. तंबाखू घेणाऱ्या बायका निघाल्या 57.5 टक्के, जवळपास सगळ्या धूर न काढणाऱ्या. श्रीमंत इमारती पाहणीतून वगळल्या होत्या, कारण तिथली सुरक्षा ओलांडून आत जाणं जमेना. म्हणजे वॉचमन संशोधकाला अडवतो, तंबाखूला कुणी अडवत नाही.

या बायकांची तंबाखू म्हणजे मशेरी. तव्यावर भाजायची, कुटायची, सकाळी बोटाने दातांना लावायची. घरी भाजलेल्या मशेरीवर ना कॅन्सरचं चित्र, ना 1800-11-2356 हा सोडवणुकीचा नंबर. तिला लावणारी बाई स्वतःला व्यसनी समजतच नाही. ‘मी कुठे तंबाखू खाते? मी दात घासते.’ या उत्तरावर कुठल्याही खात्याने आजवर अध्यादेश काढलेला नाही.

2012 ची बंदी आली तेव्हा राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील होते. 2015 च्या फेब्रुवारीत तोंडाच्या कॅन्सरनेच ते गेले. इथे टोमणा मारायचा नाही. रोग हुद्दा विचारत नाही, एवढंच नोंदवायचं.

टोमणा हवाच असेल तर नरिमन पॉइंटला चला. आपला आयुर्विमा उतरवणाऱ्या एलआयसीकडे आयटीसी या सिगारेट कंपनीचे जवळपास 15 टक्के शेअर आहेत. 2017 मध्ये हा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेला. सिगारेट विकली गेली की लाभांश, ओढणारा लवकर गेला की क्लेम. एका खिशातून दुसऱ्या खिशात, आणि दोन्ही खिसे आपलेच.

1941 पासून कॅन्सरचं टाटा हॉस्पिटल परळला उभं आहे. गावोगावची माणसं तिथे येतात, त्यांचे नातलग फुटपाथवर चूल मांडतात. तिथे पोचायच्या आधी माणसाला कुणीतरी अडवायला हवं. त्यासाठी नवा कायदा नको. पालिकेच्या दवाखान्यात रक्तदाब मोजताना एक प्रश्न पुरे: ‘आजी, मशेरी लावता का?’ मग तोंड उघडायला सांगायचं, आत बॅटरी मारायची आणि सोडायला मदत करायची. पुडीवरचा कर असा वाढवायचा की खिशाला कळेल. आणि तंबाखू विकायला परवाना लावायचा, म्हणजे नियम मोडणाऱ्याचा काढून तरी घेता येईल.

यात उद्घाटन नाही, फीत नाही, म्हणून घाई नाही. 31 मेला तंबाखूविरोधी दिनाची रॅली मात्र निघेल. फलकावर काट मारलेली सिगारेट असेल. टाळ्याही पडतील. त्यातल्या भाषणासाठी किती आणि तळहातावरचा चुना झटकायला किती, ते नीट कान देऊन ऐकावं लागेल.