भेग आत गेली की बाद!

टोमॅटोकाकांना ओळखत नाही, असं म्हणू नका. प्रत्येक मंडळात एक असतोच. सभेत चहा येण्याच्या सुमाराला ‘एक तांत्रिक मुद्दा’ म्हणून उभा राहणारा. आमच्या न्यू जर्सीच्या काकांना घटनेऐवजी राक्षसी टोमॅटोच्या स्पर्धेची नियमावली पाठ आहे, एवढाच फरक.

त्या स्पर्धेत रंग, रूप, चव कोणी विचारत नाही. वजन तेवढं बघतात. मात्र फळ सडलेलं नको, आणि भेग आतल्या पोकळीपर्यंत गेली की फळ बाद. या शेवटच्या कलमाने काकांना झपाटलं आहे. गणपतीत त्यांना उकडीच्या मोदकांचे परीक्षक नेमण्याचा अविचार मंडळाने केला. काकांनी खिशातून टॉर्च काढून पाकळीन् पाकळी तपासली. “सारण दिसतंय. बाद!” पहिला नंबर आलेला मोदक कोणाच्याही दाताला दाद देईना. पण अभंग होता! पुढे पुतणीसाठी स्थळ बघून आले तेव्हाचा अभिप्राय असा: “मुलगा वजनदार आहे, पण देठापाशी जरा मऊ वाटला.”

परसात ‘बिग झॅक’. न्यू जर्सीच्याच मिनी झकारिया बाईंनी तयार केलेलं वाण. एका झाडावर एकच फळ, बाकीची कोवळी असतानाच खुडायची. त्यामुळे साराचे टोमॅटो काकू दुकानातून आणतात. फूलही साधं चालत नाही; चार-पाच फुलं एकात एक जुळून आलेलं ‘मेगाब्लूम’ हवं. पराग झडावेत म्हणून काका त्याला इलेक्ट्रिक टूथब्रश लावतात. (ब्रश कोणाचा, हे विचारणं काकूंनी सोडून दिलंय.) फळ भरलं की काकूंच्या जुन्या साडीची झोळी. आत मुष्टियुद्धात हरलेल्या माणसाच्या तोंडासारखं काहीतरी सुजत असतं.

“ओक्लाहोमाचा १९८६ चा विक्रम साडेतीन किलोचा. मोडायला २०१४ उजाडलं,” काका सांगतात. “आणि २०२० मध्ये वाला वालाचा तो ‘डोमिंगो’ वाणाचा टोमॅटो, चार किलो आठशे शहाण्णव ग्रॅम!” वाला वाला हे गाव वॉशिंग्टन राज्यात आहे. आपण फक्त ‘वा वा’ म्हणायचं.

काका मूळचे नारायणगावकडचे. वडील, अण्णा, टोमॅटोचे क्रेट भरून बाजारात न्यायचे. व्यापारी वरचंच एक फळ उचलून फिरवायचा. आज माल बारीक, उद्या तोच माल जाड. भाव कोसळला की अण्णा क्रेट रस्त्याकडेला ओतून मोकळे व्हायचे. “कुठल्या कलमाखाली नाकारला, ते कधी कळलं नाही,” झोळीची गाठ आवळत काका म्हणाले. “विचारायचं तरी कोणाला? कलमच नव्हतं.” एवढं बोलून ते पुन्हा टॉर्च घेऊन झाडाखाली शिरले.

गेल्या स्पर्धेत त्यांचं फळ काट्यावर चढलं आणि आम्ही टाळ्याही वाजवल्या. तेवढ्यात काकांनीच ते उलटं करून बुडाशी टॉर्च मारला. केसाएवढी भेग. काडी घातली तर सरळ आत गेली. परीक्षक भला माणूस, म्हणाला, “एवढी चालेल हो.”

काका त्याच्यावरच उखडले. “चालेल? कुठल्या कलमाखाली चालेल, दाखवा!”

बिचारा अजून पानं उलटतोय.