जर्मन अनुवादक पाहिजे

ब्यूनॉस आयर्सच्या पालेर्मो भागात एका चौकाभोवती मानसशास्त्रज्ञांची इतकी दाटी आहे, की लोक त्या वस्तीला 'व्हिया फ्रॉइड' म्हणतात. तिथल्या आमच्या 'लिसेन्सियादो'साहेबांना (ही पदवी, तिकडे ती डॉक्टरकीसारखी नावाआधी मिरवतात) आपलं जाडजूड स्पॅनिश पुस्तक जर्मनमध्ये न्यायचंय. फ्रॉइड तिकडून आला, आता आपण तिकडे जायचं, असा रोखठोक हिशेब!

अनुवादक कसा हवा? जन्मानं जर्मन. स्पॅनिश अशी, की स्वप्नंही त्यात पडावीत. मानसशास्त्राची पदवी, फ्रेंच मनोविश्लेषक लाकां पचवलेला, शिवाय स्वतः काही वर्षं कोचावर पडून आलेला. इतक्या अटी मुलीचे बापसुद्धा घालत नाहीत. दराचं विचारलं, की "ते बघू हो आपण."

"फ्रॉइड असता तर त्यानंच केलं असतं," असं ते हळहळतात. यात तथ्य आहे. फ्रॉइड पोरवयात मित्राबरोबर स्पॅनिश शिकला होता. सर्व्हान्तेसच्या गोष्टीतल्या दोन कुत्र्यांची नावं दोघांनी आपसात वाटून घेतली होती. 1922पासून माद्रिदमध्ये त्याचे ग्रंथ स्पॅनिशमध्ये निघू लागले, तेव्हा त्यानं अनुवादकाला पत्र लिहून शाबासकीही दिली. फ्रॉइडनं हे काम फुकट केलं असतं, याबद्दल साहेबांना तिळमात्र शंका नाही.

तूर्तास ते उमेदवारांकडून 'नमुना' मागवतात. प्रत्येकाला वेगळी पानं. चौथ्या उमेदवारापर्यंत प्रस्तावना पुरी झाली, तीही छदाम न मोजता.

शेवटी बर्लिनच्या एक बाई तयार झाल्या. जर्मनीत अनुवादाची मोजणी ओळीवर. ओळ म्हणजे टायपिंगचे 55 ठोके, मोकळ्या जागांसकट, आणि तीही बहुधा जर्मन मजकुराची. बिल पाहून साहेब उखडले. "शब्द लांब तुमच्या भाषेचे, भुर्दंड मला का?" स्वतः मात्र लाकांच्या पावलावर पाऊल टाकून बाराव्या मिनिटाला पेशंटला उठवतात आणि फी पूर्ण घेतात. तिथे वेळ मोजणं म्हणे अशास्त्रीय.

बाईंनी काम वेळेवर दिलं होतं. पैसे काही येईनात. दोनदा नम्रपणे आठवण करून दिली, तिसऱ्यांदा जरा कडक लिहिलं. साहेबांचं उत्तर त्याच रात्री आलं, चांगलं तीन पानी: पैशांविषयीची ही अस्वस्थता आपल्याला लहानपणापासून आहे का? वडिलांशी संबंध कसे होते?