टंकांचे कुलगोत्र

छापील अक्षरांचा टंक, म्हणजे एकाच वळणाने घडवलेला संपूर्ण वर्णसंच, कोणता आहे हे सांगणारी साधने आंतरजालावर गेली पंचवीसएक वर्षे फुकट उपलब्ध असून, त्यांनी मानवजातीचे नेमके काय भले केले याचा हिशेब कोणी मांडलेला नसला, तरी एका विशिष्ट प्रकारच्या माणसाची त्यांनी मोठीच सोय केली, हे निर्विवाद आहे. हा माणूस लग्नपत्रिका हाती पडताच मुहूर्ताआधी अक्षरांचे वळण पाहतो, उपाहारगृहात दरपत्रक उलटसुलट धरून न्याहाळत बसतो व वेटरला दोनदा परत पाठवतो, आणि 'अवतार' या २००९ सालच्या चित्रपटात निळी माणसे सोडून शीर्षकाचा टंक 'पपायरस'सारखा दिसतो म्हणून हळहळतो. पूर्वी त्याला हे सारे नुसते खुपत असे. आता फोनने छायाचित्र काढून तो त्या खुपण्याचे नावही मिळवू शकतो, आणि नाव मिळाले की ते शेजाऱ्याला सांगितल्याखेरीज त्याला राहवत नाही.

या साधनांपैकी काही प्रश्न विचारतात, तर काही चित्र मागतात. डेव्हिड जॉन्सन-डेव्हिस यांनी २००० साली सुरू केलेले 'आयडेंटिफॉन्ट' पहिल्या जातीचे असून, अक्षरांना सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांशी काढलेली बारीक पावले, आहेत की नाहीत, मोठ्या 'क्यू'ची शेपटी वर्तुळाला छेदून जाते की बाहेरूनच लटकते, डॉलरच्या चिन्हातली उभी रेघ एक की दोन, अशी त्याची उलटतपासणी चालते. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. अडचण एवढीच, की जिज्ञासूच्या पुराव्यात बहुधा एखाद्या बेकरीची रोमन लिपीतली पाटी असते, तिच्यात क्यू कोठेच नसतो, आणि डॉलर तर बेकरीच्या मालकानेही पाहिलेला नसतो.

चित्र मागणाऱ्यांत 'व्हॉट द फॉन्ट' हे सर्वांत प्रसिद्ध असून, ते टंक विकणाऱ्या 'मायफॉन्ट्स' या दुकानाचेच असल्यामुळे त्याची वागणूक थेट वधूवर सूचक मंडळासारखी आहे: हवे ते स्थळ नोंदणीत असो वा नसो, 'साधारण तसेच' म्हणून ते भराभर स्थळे दाखवते, आणि देण्याघेण्याचा आकडाही शेजारीच लिहिलेला असतो. त्याच्या नोंदणीत एक लाखाहून अधिक टंक आहेत, त्यामुळे उत्तर पुष्कळदा बरोबर येते, हे मान्य केले पाहिजे. याउलट, संकेतस्थळावरच्या मजकुराचा टंक सांगणाऱ्या न्याहाळकाच्या जोडण्या काहीच ओळखत नाहीत. पानाच्या आज्ञावलीत टंकाचे नाव लिहिलेले असते, ते त्या वाचून दाखवतात आणि विद्वान ठरतात.

खरी परीक्षा होते ती जवळच्या नात्यांत. माक्स मीडिंगर यांनी १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये रेखाटलेला, पुढे 'हेल्व्हेटिका' या नावाने गाजलेला टंक आणि १९८२ सालचा 'एरियल' यांत अक्षरांच्या रुंदीचे माप जाणूनबुजून एकच ठेवलेले असल्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसवला तरी ओळ हलत नाही, आणि सामान्य माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. फरक 'आर'च्या पायात सापडतो: हेल्व्हेटिकाचा पाय जवळजवळ सरळ खाली उतरतो, एरियलचा तिरका पसरतो, लहान 'टी'चा माथा पहिल्यात आडवा छाटलेला असतो, दुसऱ्यात उतरता. हे एकदा कळले की मनुष्य पुन्हा पूर्वीसारखा निश्चिंतपणे फलक वाचू शकत नाही.

हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे म्हणणाऱ्यांनी पाकिस्तानकडे पाहावे. पनामा पेपर्सच्या निमित्ताने २०१७ साली तेथील तत्कालीन पंतप्रधानांच्या कुटुंबाची चौकशी झाली, तेव्हा फेब्रुवारी २००६ ही तारीख असलेला एक दस्तऐवज 'कॅलिब्री' टंकात असल्याचे तपासणीत आढळले, आणि लुकास दे ग्रूट यांनी घडवलेला हा टंक सर्वसामान्यांच्या हाती आला तो जानेवारी २००७ मध्ये. चाचणी आवृत्तीत तो आधीही होता, असा प्रतिवाद झाला. पण तोवर विकिपीडियावरील कॅलिब्रीच्या लेखात तारखा बदलण्याची इतकी झुंबड उडाली, की तो लेख काही काळ कुलूपबंद करावा लागला. एखाद्या टंकाच्या जन्मतारखेवरून एवढी झोंबाझोंबी क्वचितच झाली असेल.

देवनागरीपाशी मात्र या यंत्रांची पंचाईत होते. त्यांची जुनी रीत अशी, की आधी अक्षरे सुटी करायची आणि मग एकेकाचा आकार ताडून पाहायचा. परंतु देवनागरीत शिरोरेषा सगळ्या शब्दाला वरून बांधून ठेवते, त्यामुळे 'महाराष्ट्र' हे यंत्राच्या लेखी चार अक्षरी नाव न राहता एकच अवाढव्य, अनेक पायांचे अक्षर होते. मराठी वाचकाला असल्या मदतीची गरजही कमीच, कारण पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' दिसले नाहीत, की टंक हिंदी वळणाचा आहे हे तो यंत्राविना सांगतो, आणि बहुधा तक्रारीच्या सुरात सांगतो.

त्याहून अवघड प्रकरण हस्तरेखित शीर्षकांचे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी अक्षरे हाताने रेखाटली. त्यांचा टंक शोधू पाहणे व्यर्थ, कारण ती त्या शीर्षकापुरतीच जन्मली. ओळखायची खूण सोपी आहे: एकच अक्षर शब्दात दोनदा आले आणि दोन्ही वेळा किंचित निराळे दिसले, तर तेथे टंकापेक्षा हात असण्याचा संभव अधिक. यंत्राला मात्र 'ठाऊक नाही' म्हणण्याची सवय नसल्यामुळे ते अशा शीर्षकालाही कुठला तरी गुबगुबीत रोमन टंक जुळवून देते, पुढे किंमत मांडते, आणि जाड, बारीक, तिरपा असे सगळे कुटुंब एकदम घेतल्यास सवलतीचेही पाहते.